निपाणीतील एका सौहार्द संस्थेचे अंतर्गत नेटवर्क : प्रकल्प नोंदी, एप्रिल ते जून २०२४

१५ एप्रिल २०२४, सोमवार

कर्नाटकातल्या निपाणीतील एका सौहार्द सहकारी संस्थेच्या (तिथल्या सौहार्द कायद्याखाली नोंदलेल्या पतसंस्थेच्या) मुख्य कार्यालयाचे अंतर्गत नेटवर्क तपासून नव्याने बांधण्याचे काम आमच्याकडे आले असून आज पहिली पाहणी केली. इमारत दुमजली आहे. तळमजल्यावर रोख काउंटर, कर्ज विभाग आणि पिग्मी (रोजच्या छोट्या बचतीचा) विभाग आहेत, तर वर व्यवस्थापकांची केबिन, सभागृह आणि सर्व्हरची खोली आहे. मागच्या परड्यापलीकडे तंबाखूची एक जुनी वखार आहे, ती संस्थेने विकत घेऊन तिथे दस्तऐवज विभाग थाटला आहे. वखारीत तंबाखू राहिलेला नसला तरी त्याचा दर्प अजून भिंतींत आहे. एकूण ३४ संगणक, ७ प्रिंटर आणि १६ कॅमेरे नेटवर्कवर आहेत.

तक्रार काय आहे, हे पिग्मी विभागातील लेखनिकांनी एका वाक्यात सांगितले: "ओ सर, सकाळी काय नाही बघा, पाच वाजले की सगळं अडकतंय." पाचच्या सुमारास पिग्मी एजंट दिवसाची वसुली घेऊन परततात आणि आपापली यंत्रे भरणा उतरवण्यासाठी जोडतात, त्याच वेळी दिवसभराची व्हाउचरे स्कॅन होऊन सर्व्हरवर चढू लागतात आणि रोख काउंटर दिवस मिटवण्याच्या घाईत असतो. यावर उपाय म्हणून संस्थेने दोन वर्षांत इंटरनेटचा वेग दोनदा वाढवून घेतला आणि दोन्ही वेळा काडीचाही फरक पडला नाही. तो पडणारही नव्हता, कारण सर्व्हर याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे आणि काउंटरवरून त्याच्याकडे जाणारी माहिती इमारतीबाहेर पाऊलही टाकत नाही. ही गोष्ट आज व्यवस्थापकांना सांगितली तेव्हा ते क्षणभर गप्प झाले आणि मग त्यांनी इंटरनेटच्या बिलांची फाईल मागवली.

१६ एप्रिल, मंगळवार

दिवसभर तारा शोधण्याचे काम केले. नकाशा कोणाकडेच नव्हता. खुणेसाठी आणलेल्या चिकटपट्ट्या दुपारी संपल्या, तेव्हा रोखपालांनी नोटांच्या बंडलांना लावायच्या कागदी पट्ट्या दिल्या. त्यांवर क्रमांक लिहून त्या तारांना गुंडाळल्या.

हाती आलेले चित्र असे आहे. सर्व्हरच्या खोलीत एक स्विच, म्हणजे संगणकांच्या तारा एकमेकींशी जोडणारी पेटी, आहे. त्याच्यापासून जिन्याने एक तार खाली येते आणि रोख काउंटरमागच्या स्विचला मिळते, त्यातून एक तार कर्ज विभागातल्या आठ पोर्टांच्या (तारा खोचायच्या जागांच्या) स्विचला, त्यातून एक पिग्मी विभागातल्या पाच पोर्टांच्या स्विचला आणि त्यातून एक परडे ओलांडून वखारीत जाते. जसजशी टेबले वाढत गेली तसतसा शेवटच्या स्विचला पुढचा स्विच जोडला गेला. सगळी रचना आगगाडीच्या डब्यांसारखी एका रांगेत उभी आहे, आणि वखारीतल्या संगणकाला सर्व्हरपर्यंत पोहोचायला मधली प्रत्येक कडी शाबूत आणि मोकळी असावी लागते.

रांगेच्या टोकाला, वखारीत, स्विच नव्हताच. तिथे एका फळीवर राखाडी रंगाचा, सेकंदाला १० मेगाबिटचा जुना हब होता आणि त्यावरचा 'कोलिजन' (धडक) लिहिलेला पिवळा दिवा सतत मिचमिचत होता. असा दिवा मी कित्येक वर्षांनी पाहिला. हब आलेला प्रत्येक संकेत बाकीच्या सर्व पोर्टांवर ओततो, त्यामुळे त्याला जोडलेले सगळे संगणक एकाच तारेवर बसल्यासारखे असतात. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे, आणि दोघे एकदम बोलले तर धडक होऊन दोघांनीही काही काळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, असा तिथला नियम आहे. सोळा प्रयत्नांनंतरही वाट मिळाली नाही तर ती फ्रेम, म्हणजे माहितीचा तो गठ्ठा, टाकून दिली जाते.

स्विचचे काम मुळातच वेगळे असते. तो येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवरचा, पाठवणाऱ्याचा ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा क्रमांक, वाचतो, तो कोणत्या पोर्टावरून आला हे आपल्या तक्त्यात नोंदवतो आणि पुढे त्या पत्त्यासाठी आलेली फ्रेम फक्त त्याच पोर्टावर सोडतो. तक्त्यात नसलेल्या पत्त्यासाठीची फ्रेम मात्र त्यालाही हबसारखी सगळीकडे पाठवावी लागते, आणि बहुतेक स्विचांत ३०० सेकंद न दिसलेला पत्ता तक्त्यातून गळतो. प्रत्येक पोर्ट स्वतंत्र असल्यामुळे पहिल्या टेबलाचे दुसऱ्याशी चाललेले काम तिसऱ्याच्या वाटेत येत नाही, आणि दोन्ही दिशांना एकाच वेळी बोलता येत असल्याने धडकेचा प्रश्नच उरत नाही. इथरनेटची, म्हणजे तारेने संगणक जोडण्याच्या या पद्धतीची, कल्पना १९७३ साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली, ती अशाच एका सामाईक तारेसाठी होती. अनेक पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आला तो १९९० साली, कल्पना नावाच्या कॅलिफोर्नियातील कंपनीकडून. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. वखारीतला हब त्या आधीच्या विचाराचा अवशेष आहे.

१८ एप्रिल, गुरुवार

मोजमाप केले. सकाळी अकरा वाजता कर्ज विभागातून सर्व्हरला पाठवलेल्या १००० पिंगांपैकी (उत्तर मागणाऱ्या छोट्या चाचणी-निरोपांपैकी) एकही हरवला नाही आणि उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत आले. सायंकाळी साडेपाचला त्याच टेबलावरून सरासरी ९ मिलिसेकंद लागले आणि २१ पिंग हरवले, तर वखारीतून ४६ हरवले. नऊ मिलिसेकंद हा आकडा माणसाला जाणवणारा नाही, खरे दुखणे हरवण्यात आहे. हरवलेले पॅकेट, म्हणजे फ्रेममधून जाणारा माहितीचा तुकडा, पुन्हा पाठवण्याआधी संगणक काही काळ पोचपावतीची वाट पाहतो, ही वाट पाहणे बहुधा सेकंदाच्या दशांशांत मोजावे लागते, आणि पुन्हा हरवले तर मुदत दुप्पट होत जाते. लेखनिकांच्या पडद्यावर फिरत राहणारे चक्र हे त्या थांबण्याचे आहे.

कोंडी कुठे होते तेही सापडले. सोळापैकी १४ कॅमेरे तळमजल्यावर आणि परड्यात आहेत, मात्र त्यांचा रेकॉर्डर वर सर्व्हरच्या खोलीत आहे. प्रत्येक कॅमेरा सुमारे ४ मेगाबिटचा प्रवाह अखंड पाठवतो, म्हणजे जिन्यातल्या एका तारेवरून रात्रंदिवस ५६ मेगाबिट वर चढत असतात. ही तार १०० मेगाबिटने चालत असल्याने व्हाउचरे, पिग्मी आणि काउंटर या सगळ्यांना मिळून ४४ उरतात. सकाळी ते पुरतात. सायंकाळी तीन स्कॅनर एकदम सुरू झाले की छोट्या स्विचचा बफर, म्हणजे तात्पुरती साठवण, क्षणात भरतो आणि पुढची पॅकेटे तो मुकाट्याने टाकून देतो.

यात एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. जिन्याच्या दोन्ही टोकांचे स्विच गिगाबिटचे आहेत, मग मधली तार १०० वर का? काउंटरमागचे प्लास्टिकचे आवरण उघडले तेव्हा उलगडा झाला. तारेतल्या आठ धाग्यांपैकी नारिंगी आणि हिरवी जोडीच स्विचला गेली होती, तपकिरी जोडी मोकळी कापून सोडली होती, आणि निळ्या जोडीवर व्यवस्थापकांच्या केबिनचा इंटरकॉम चालू होता. कोणीतरी एक तार वाचवली होती. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्या न मिळाल्याने उपकरणांनी वरचा वेग सोडून खालच्यावर तडजोड केली आणि कोठेही चूक दाखवली नाही. साधा, व्यवस्थापन नसलेला स्विच वापरण्यात माझ्या मते हाच मोठा तोटा आहे: तो स्वस्त असतो, टिकाऊही असतो, पण आपल्याला काय दुखते आहे हे सांगायला त्याला तोंड नसते.

२२ एप्रिल, सोमवार

आज सकाळी ११.१० ते ११.५० पूर्ण कार्यालय बंद पडले. चूक माझी होती. शनिवारी खुणा करताना पिग्मी विभागातल्या स्विचमधून निघालेल्या एका तारेचे दुसरे टोक मी जमिनीवर मोकळे सोडले होते. आज झाडताना शिपाईमामांना ते दिसले आणि त्यांनी भल्या हेतूने, सुटलेली तार समजून, ते त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टात बसवले.

एका स्विचची दोन पोर्टे तारेने जोडली की वर्तुळ तयार होते. सर्वांसाठी असलेली, म्हणजे ब्रॉडकास्ट फ्रेम एका पोर्टातून बाहेर पडून दुसऱ्यातून आत येते, पुन्हा सगळीकडे पाठवली जाते आणि हे थांबत नाही, कारण इथरनेटच्या फ्रेममध्ये आयुष्य मोजणारा आकडाच नसतो. इंटरनेटच्या पद्धतीच्या, म्हणजे आयपी पॅकेटमध्ये प्रत्येक राउटरवर (दोन नेटवर्क जोडणाऱ्या यंत्रावर) एकाने कमी होणारा असा आकडा असतो, त्यामुळे ते फिरून फिरून का होईना संपते, तशी सोय इथे नाही. काही सेकंदांत सगळ्या स्विचांचे दिवे एकाच लयीत, अतिशय वेगाने लुकलुकू लागले. ती लय एकदा पाहिलेला माणूस ती विसरत नाही. मला कारण दोन मिनिटांत समजले, पण तार कोणती हे शोधायला बाकीची अडतीस मिनिटे गेली, कारण एकेक स्विच सुटा करत मागे मागे जावे लागले.

मामा फार ओशाळले होते. त्यांना सांगितले की, एका बोटाच्या हालचालीने चाळीस माणसांचे काम बंद पडत असेल तर दोष बोटाचा नसतो. व्यवस्थापन समितीसमोर खर्चाचे समर्थन कसे करावे या विचारात मी होतो. ते काम या चाळीस मिनिटांनी केले.

२४ एप्रिल, बुधवार

आराखडा ठरवला. रांग मोडून चांदणीसारखी (स्टार) रचना करायची, म्हणजे सर्व्हरच्या खोलीतील मुख्य स्विच मध्यभागी आणि तळमजला व वखार हे दोन्ही थेट त्याला जोडलेले. मुख्य स्विच २४ पोर्टांचा, व्यवस्थापनयोग्य. तळमजल्यावर २४ पोर्टांचा, तारेतूनच वीज देणारा, म्हणजे पीओई स्विच. वखारीत आठ पोर्टांचा, तोही व्यवस्थापनयोग्य.

जिन्यातून एकाऐवजी दोन तारा जातील आणि त्या एकत्र बांधून एकच जोडणी समजल्या जातील. समितीतील एका सदस्यांनी विचारले, म्हणजे वेग दुप्पट होणार का? एका संगणकाचा होणार नाही. स्विच पत्त्यांवरून हिशेब करून प्रत्येक संवाद दोनपैकी एका तारेवर बसवतो, त्यामुळे अनेकांच्या गर्दीला दोन वाटा मिळतात, पण एकट्याला एकच मिळते. खरा लाभ असा की एक तार उंदराने कुरतडली तरी काम चालू राहील. त्यासाठी एक तार जिन्याने आणि दुसरी मागच्या भिंतीने न्यायची आहे. एकाच नळीतून दोन तारा नेऊन त्याला पर्यायी मार्ग म्हणणे ही स्वतःची फसवणूक ठरेल.

वर्तुळावरचा उपाय म्हणजे स्पॅनिंग ट्री. १९८५ साली राडिया पर्लमन यांनी तो डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना शोधला. स्विच आपसांत छोटे निरोप पाठवून एक मूळ स्विच ठरवतात आणि त्याच्यापासून सगळीकडे एकेकच वाट उरेल अशा बेताने जास्तीची पोर्टे मिटवून ठेवतात. चालू वाट तुटली की मिटवलेली उघडते. मूळ पद्धतीत याला ३० ते ५० सेकंद लागत. २००१ च्या सुधारित, जलद पद्धतीत बहुतेक वेळा काही सेकंदही लागत नाहीत. मूळ स्विच कोणता हे नशिबावर सोडायचे नाही, कारण प्राधान्याचा आकडा सर्वांचा सारखाच, ३२७६८, असला तर सर्वांत लहान मॅक पत्त्याचा स्विच निवडला जातो, आणि तो पुष्कळदा सर्वांत जुना असतो. मुख्य स्विचला ४०९६ देणार आहोत.

नेटवर्कचे चार भाग करायचे: काउंटर व कार्यालय, कॅमेरे, पाहुण्यांचे वाय-फाय आणि खुद्द स्विचांचे व्यवस्थापन. यालाच व्हीलॅन म्हणतात. व्हीलॅन केल्याने वेग वाढतो असा एक समज आढळतो, तो अर्धाच खरा आहे. तार तीच राहते आणि रुंदीही तीच राहते. मात्र एका भागातली ब्रॉडकास्ट दुसऱ्यात शिरत नाही आणि पाहुण्याच्या मोबाइलला रोख काउंटरचा संगणक दिसत नाही. पतसंस्थेच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोलाची वाटते.

पीओईचा हिशेब: पहिल्या मानकाप्रमाणे एका पोर्टाला जास्तीत जास्त १५.४ वॅट, म्हणजे १४ कॅमेऱ्यांना २१५.६. प्रत्यक्षात कॅमेरे त्याच्या निम्मेही घेत नाहीत, पण रात्री अंधारात पाहण्याचे दिवे लागले की मागणी वाढते, म्हणून २५० वॅटचा स्विच निवडला. लोडशेडिंगच्या वेळी चौदा अडॅप्टर वेगवेगळे सांभाळण्यापेक्षा एका यूपीएसवर एक स्विच ठेवणे केव्हाही बरे.

वखारीपर्यंतचे अंतर ६० मीटर आहे. तांब्याची तार १०० मीटरपर्यंत चालते, तरीही तिथे फायबरच (काचतंतूची तार) टाकायचे ठरवले, कारण दोन इमारतींचे अर्थिंग वेगवेगळे आहे आणि परड्यात नारळाची दोन उंच झाडे आहेत. गेल्या वर्षी वळवाच्या पावसात संस्थेचे दोन स्विच आणि सर्व्हरचे नेटवर्क कार्ड एकाच संध्याकाळी गेले होते. काचेतून वीज वाहत नाही.

२९ एप्रिल, सोमवार

बाजारातून आलेली तारेची दोन भेंडोळी परत पाठवली. खोक्यावर 'शुद्ध तांबे' असे ठळक छापलेले होते, पण उचलताच वजन कमी वाटले. धागा ब्लेडने खरवडला तेव्हा आतून पांढरा निघाला, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशा तारेचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. पीओईची वीज वाहताना ती तापते, आणि दोनतीनदा वाकवली की धागा आतल्या आत तुटतो. माझ्या सहकाऱ्याने टोक चार वेळा इकडेतिकडे वाकवले, पाचव्यांदा ते हातातच आले. दुकानदाराने वाद न घालता माल बदलून दिला, त्यावरून त्याला ठाऊक होते असे मानायला जागा आहे.

७ मे, मंगळवार

आज चिक्कोडी लोकसभा मतदारसंघाचे मतदान होते आणि कार्यालय बंद, म्हणून बदलासाठी हाच दिवस धरला होता. सकाळी सातला मतदान उरकून, बोटावरची शाई वाळायच्या आत, आम्ही दोघे कामाला लागलो.

जुन्या तारा एकेक करून काढल्या, नव्या क्रमांकानिशी बसवल्या, दोन्ही टोकांना चारही जोड्या तपासल्या. इंटरकॉमला स्वतःची तार दिली. दुपारी दोनपर्यंत तळमजला उभा राहिला. संगणक सुरू केले तर प्रत्येक जण आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आपला क्रमांक) मिळाला नाही म्हणून कुरकुर करू लागला आणि अर्ध्या मिनिटाने आपोआप सुधारला. कारण उघड होते: पोर्ट खुले करण्याआधी स्पॅनिंग ट्री १५ सेकंद ऐकतो आणि १५ सेकंद शिकतो, तोवर संगणकाची पत्त्याची विनंती वाया जाते. ज्या पोर्टांना फक्त संगणक, प्रिंटर किंवा कॅमेरे लागतात ती 'टोकाची पोर्टे' आहेत असे स्विचला सांगितले आणि तक्रार मिटली. त्याच पोर्टांवर पहारा बसवला, म्हणजे तिथे चुकून दुसरा स्विच किंवा वर्तुळ आले तर पोर्ट आपणहून बंद होईल.

संध्याकाळी परीक्षा घेतली. शिपाईमामांना बोलावून २२ एप्रिलचीच कृती पुन्हा करायला सांगितली. ते तयार होईनात. शेवटी त्यांनी तारेचे टोक चिमटीत धरून बसवले आणि हात चटकन मागे घेतला. त्या दोन्ही पोर्टांचे दिवे विझले, बाकीचे दिवे जसेच्या तसे राहिले. मामा पुढे वाकून त्या विझलेल्या दिव्यांकडे बराच वेळ बघत होते.

८ मे, बुधवार

सकाळी साडेदहा वाजता पासबुक छापणारा प्रिंटर चार ओळी छापून थांबला, मग दोन ओळी, मग पुन्हा थांबला. "हे नेहमीचंच आहे, सर," असे काउंटरवरच्या ताईंनी सांगितले. सहा वर्षे असेच चालले आहे आणि छपाई थांबली की पासबुक थोडे वर ओढून सोडायचे, ही युक्ती नव्या कर्मचाऱ्यांनाही शिकवली जाते.

या वेळी स्विचला विचारता आले. त्या पोर्टाच्या मोजणीत उशिराच्या धडकांचा आकडा दीड हजाराच्या वर होता. स्विचवर उशिराची धडक दिसली की बहुधा एकच अर्थ निघतो: तारेच्या एका टोकाला दोन्ही दिशांना एकदम बोलण्याची मुभा आहे आणि दुसऱ्या टोकाला नाही. प्रिंटरला जोडलेल्या छोट्या यंत्रात कोणीतरी वेग १०० आणि दुहेरी संवाद हाताने पक्का करून ठेवला होता. अशा यंत्राकडून वाटाघाटीचा निरोप येत नाही. स्विचला संकेतावरून वेग कळतो, पण दुहेरीपणा कळत नाही, म्हणून मानकाप्रमाणे तो एकेरी धरतो. एक बोलतच राहतो, दुसरा त्याला धडक समजतो. छोट्या यंत्राची मांडणी 'आपोआप' वर आणली, ते पुन्हा सुरू केले, आणि पासबुकाचे पूर्ण पान एका दमात छापले गेले. ताईंचा हात सवयीने पासबुक ओढायला गेला होता.

या सगळ्या प्रकल्पात सर्वांत लहान दुरुस्ती हीच होती आणि काउंटरवर तिचेच सर्वांत अधिक कौतुक झाले.

१० मे, शुक्रवार

बसवजयंती आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आल्याने सुट्टी. वखारीचे फायबर जमिनीखालच्या नळीतून ओढले. चार काचतंतूंपैकी दोन वापरले, दोन राखीव. हब काढला. व्यवस्थापकांनी तो टाकू न देता कपाटावर ठेवायला सांगितला.

१८ मे, शनिवार

काल संध्याकाळी वळीव झाला. विजेचा मोठा लोळ जवळच कुठेतरी पडला असावा, कारण वखारीतल्या स्विचचा अडॅप्टर आणि एका संगणकाचा वीजपुरवठा जळाला. मुख्य इमारतीतल्या एकाही पोर्टाला काही झाले नाही. तांब्याची तार असती तर झटका तिच्यावरून पलीकडे गेलाच असता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, परंतु त्याला जायला वाट नव्हती एवढे खरे. राखीव अडॅप्टर लावून वखार सव्वा तासात चालू झाली. स्विचची मांडणी त्याच्या स्मृतीत शाबूत होती, तिची प्रतही आमच्याकडे होती.

३ जून, सोमवार

पूर्वीचेच मोजमाप त्याच टेबलांवरून पुन्हा केले. सायंकाळी साडेपाचला १००० पिंगांपैकी कर्ज विभागातून एकही हरवला नाही, वखारीतूनही नाही, आणि उत्तर दोन्हीकडे एका मिलिसेकंदाच्या आत आले. वखारीतून सर्व्हरकडे माहिती पाठवण्याचा वेग सेकंदाला ९४० मेगाबिटच्या आसपास भरला. हजार का नाही, या प्रश्नाचे उत्तर असे की प्रत्येक फ्रेमसोबत पत्ते, तपासणीचा आकडा, सुरुवातीची खूण आणि दोन फ्रेममधली सक्तीची उसंत यांचा खर्च वजा होतो. नेहमीच्या मापाच्या फ्रेम वापरल्या तर याहून फारसा अधिक वेग या तारेवर मिळत नाही.

एक तक्रार मात्र शिल्लक आहे आणि ती तशीच राहणार. महिनाअखेरचा थकबाकीचा अहवाल पूर्वी अकरा मिनिटे घेत असे आणि आजही अकराच घेतो. तो अहवाल सर्व्हरच्या आत तयार होतो, तिथे तारेचा संबंध येत नाही. मी हे लेखी कळवले आहे, कारण नवे नेटवर्क बसले की सगळेच पळू लागेल ही अपेक्षा वेळीच आवरली नाही तर पुढे चांगल्या कामावरही बोल येतो. इंटरनेटची वाढवलेली योजना संस्थेने पहिल्या पायरीवर परत आणली.

१४ जून, शुक्रवार

हस्तांतरण झाले. कारखान्यातून आलेले पासवर्ड बदलले, नवे पासवर्ड पाकिटात मोहोरबंद करून तिजोरीत ठेवले. रॅकच्या दारावर नकाशा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लावला, कारण संस्थेत येणारे लेखापरीक्षक आणि वीज दुरुस्त करणारे नेहमी एकाच भाषेचे असतात असे नाही. नोटांच्या बंडलांच्या काही कागदी पट्ट्या अजूनही तारांना आहेत. नव्या छापील खुणा लावल्या तरी रोखपालांनी त्या काढू दिल्या नाहीत.

उरलेली कामे: मुख्य स्विच एकच आहे आणि तो गेला तर सगळे थांबेल, म्हणून मांडणी भरलेला दुसरा स्विच कपाटात ठेवण्याचा प्रस्ताव समितीकडे दिला आहे. वखारीला दुसऱ्या बाजूने फायबर न्यायचे झाले तर शेजाऱ्यांच्या भिंतीची परवानगी लागेल. तळमजल्यावरच्या पोर्ट १९ वर, म्हणजे फाटकाजवळच्या कॅमेऱ्यावर, तपासणीत चुकलेल्या फ्रेम रोज तीनचारने वाढत आहेत. पावसाच्या दिवशी त्या अधिक वाढतात, तेव्हा जोडाच्या डबीत पाणी शिरत असावे. सोमवारी शिडी घेऊन यायचे आहे.